सोळाचा पाना

शिरोलीच्या फौंड्रीत नवं मोल्डिंग मशीन आलं
आणि ते बसवायला पाठोपाठ
ब्रेशाहून ओरेस्ते. वय एकसष्ट.
उजवं कोपर भाजलेलं.
माझंही तेच भाजलंय, सत्त्याऐंशी साली.
पहिले तीन दिवस आम्ही बोटांनी बोललो.
बोल्ट. पाना. चहा. अजून जरा डावीकडं.

चौथ्या दिवशी वीज गेली.
जनरेटरवाला किल्ली शोधत पळाला
आणि शेडच्या अर्ध्या अंधारात हा बाबा
कमरेला ग्रीसगन लावून, पाय फाकवून,
एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघत उभा.
मी ओळखला की त्याला!
लक्ष्मीपुरीत, मॅटिनीला, पुढच्या बाकावरनं
दर रविवारी बघितलेला माणूस
ओळखणार नाही होय?
मी सोळाचा पाना उपसला.

मग जेवणाच्या सुट्टीत, भडंगाच्या पुडीवर,
मालकाच्या पोराचा मोबाईल मध्ये ठेवून
गोष्ट निघाली.
त्याच्या गावात म्हणे अमेरिकेचे घोडेस्वार
चक्क इटालियन बोलायचे.
शेरीफ, डाकू, गुत्त्यावरची बाई, सगळेच.
लष्करात गेल्यावर कुठंतरी खरा आवाज ऐकला
तर ओरेस्ते थेटरातनं उठून आला.
मोबाईल म्हणाला, "ते त्याच्या मालकीचे नव्हते."
मोबाईलला काय कळतंय.
मला कळलं.

म्हटलं, आमच्याकडं दत्तू कवाळे होता.
गंगावेशीत म्हशी पिळायचा. इंग्रजीत तीनदा नापास.
पण पडद्यावर ओठ हलले की याचं सुरू:
"आता ह्यो म्हनतोय, दिवस मावळायच्या आत गाव सोड,
न्हाईतर म्हशीसकट पंचगंगेत बुडवीन."
म्हैस? ओरेस्तेनं शिंगं करून विचारलं.
म्हैस.
दत्तूच्या पिक्चरमध्ये म्हैस असायचीच,
दिसायची नाही एवढंच.
बाई रडली की भावानं हिस्सा दिलेला नसायचा.
आणि शेवटी तो घोड्यावर बसून एकटाच निघाला,
सगळं थेटर ओरडलं, "काय म्हनतोय रं दत्त्या?"
की दत्तू टोपी नीट करायचा.
"काय न्हाई म्हनत. चाललाय."

(वडील स्टुडिओत घोडे धरायचे.
प्लायवूडच्या किल्ल्याखाली, मावळ्यांचे घोडे.
त्यांना एकदा नेलं मॅटिनीला.
तीन माणसं मेली, बँक लुटली,
हे आपले खुरांकडं बघत बसलेले.
बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले,
"दाणा बरा मिळतोय तिकडं.")

अमेरिकेला गेलायस? मी विचारलं.
नाही. तू?
मी पुण्यात सुद्धा राहत नाही रात्रीचा.

परवा नातवानं तोच पिक्चर लावून दिला,
खाली हिंदीत अक्षरं.
तो माणूस फार कमी बोलतो.
हिस्सा नाही, पंचगंगा नाही.
मी म्हशीची वाट बघत शेवटपर्यंत बसलो.
शेवटी तो घोड्यावर बसला
आणि खाली अक्षरं आलीच नाहीत.
तेवढं एक दत्तूचं बरोबर होतं.

पहिला ओत निघाला त्या दिवशी
लाल उजेड पत्र्यावर नाचत होता.
दहा पावलं मोजून आम्ही वळलो.
वाईट माणूस व्हायला कुणीच तयार नव्हतं,
म्हणून दोघंही वाळूत पडलो.
फोरमननं हजेरीपुस्तकात काहीतरी लिहिलं.

जाताना गेटवर तो बराच वेळ बोलला,
सरळ इटालियनमध्ये, मोबाईल खिशातच.
मधे एकदा माझं कोपर धरलं.
मग पिवळं हेल्मेट दोन बोटांनी जरासं उचललं
आणि गाडीत बसला.
ड्रायव्हरनं उजळाईवाडीकडं गाडी काढली.

पोरं भोवती जमली. काय म्हनला ओ मामा?

मी घसा साफ केला.
"म्हनला, मशीनला दर सोमवारी ग्रीस घाला,
कामावर दांड्या मारू नका,
आणि पुढच्या खेपंला
मला त्या दत्तूची म्हस दावा."